पायवाटेच्या श्रमदानाला येण्यापूर्वी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रमदानाची तारीख जवळ आली की तेच प्रश्न येतात आणि आमची उत्तरंही तीच असतात. फरक इतकाच, की आठव्यांदा उत्तर देताना आवाज जरा चढतो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं आहे. घाई असेल तर कपडे, पिण्याचं पाणी आणि अवजारं एवढं तरी वाचा. पावसाच्या पाण्याबद्दलचा भाग वाचून आलात, तर दिवसभर जे सांगितलं जाईल ते का सांगितलं जातंय हे कळेल.

मी आयुष्यात कुदळ धरलेली नाही. आलो तर अडचण होईल का?

अजिबात नाही. ज्याला काही येत नाही तो निदान ऐकतो. बागेत भरपूर खणलेला माणूस पहिल्या तासात वाटेच्या कडेला मातीचा सुबक बांध घालून मोकळा होतो आणि दुसरा तास आम्ही तो बांध काढण्यात घालवतो. बांध का नको, ते पुढे येईलच.

दिवसभर करायचं काय असतं?

ते वाटेच्या अवस्थेवर ठरतं. नवी वाट असेल तर आधीच आखणी होऊन खुंट्या किंवा फिती लावलेल्या असतात. त्या ओळीवरचा पालापाचोळा बाजूला करायचा, खालची कुजलेली मऊ माती काढायची आणि घट्ट जमीन लागेपर्यंत खणून चालण्याजोगा पट्टा तयार करायचा. जुनी वाट असेल तर वाढलेलं गवत आणि फांद्या छाटणं, बुजलेले चर मोकळे करणं, खचलेल्या कडा सावरणं आणि निसटलेल्या पायऱ्या पुन्हा बसवणं. लोकांनी पाडलेले आडमार्ग बुजवणं हेही मोठं काम असतं. त्यात नुसतं तोंड बंद करून भागत नाही. पुढे नजर जाईल तिथपर्यंत वाळक्या फांद्या आणि दगड टाकावे लागतात, कारण समोर वाट दिसली की माणूस जाणारच.

खणण्याइतकीच वाहतूकही असते. दगड आणा, माती टाका, घमेली भरा, रिकामी करा. हे कुणाला कमीपणाचं वाटत असेल तर सांगतो, दगड हेरून आणणारा माणूस चांगला असेल तर पायरी बसवणाऱ्याचं निम्मं काम झालेलं असतं.

गवत काढलं, माती सपाट केली की वाट झाली ना?

पहिल्या मोठ्या पावसापर्यंत झाली.

वाटेवरून माणसं चालतात, पण वाट उखडते ती मुख्यतः पाण्याने. पावलांनी माती सैल होते आणि दबून मधे खळगा पडतो. त्या खळग्यात पाणी शिरलं की ते वाटेचाच ओढा करून टाकतं. वेग मिळाला की पाणी माती नेतं, माती गेली की दगड आणि मुळं उघडी पडतात. ती टोचतात म्हणून लोक कडेने चालायला लागतात आणि वाट रुंद होत जाते. एका पायवाटेच्या चार पायवाटा झालेल्या तुम्ही पाहिल्या असतील. दोष लोकांना दिला जातो, पण सुरुवात बहुतेक वेळा पाण्याने केलेली असते.

त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक कामाला एकच प्रश्न लावला जातो: इथे पडलेलं पाणी कुठून बाहेर जाईल? वाट सपाट केली तर ते साचेल. मधे खोलगट केली तर वाहत जाईल. वाटेला दरीच्या बाजूला हलका कल दिला तर ते पातळ पसरून, वाट न उकरता, सरळ पलीकडे उतरून जाईल. हे तिसरं आपल्याला हवं असतं. आता तो सुबक बांध आठवा. दरीकडच्या कडेला मातीची एक वीतभर उंच ओळ राहिली, की पाण्याचा बाहेर पडायचा दरवाजाच बंद. खणलेली माती कडेवर रचून ठेवू नका, उतारावर खाली पातळ पसरून टाका.

हा कल किती द्यायचा? डोळ्यांनी कळतो का?

सरावाने कळतो, पण डोळा फसवतो, विशेषतः तिरक्या डोंगरावर तासभर उभं राहिल्यावर. साधारण 5 टक्के कल धरा, म्हणजे मीटरभर रुंदीत पाच सेंटीमीटर. मोजायला मीटरभर लांब सरळ पट्टी वाटेवर आडवी ठेवा, वर पाणसळ ठेवा आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत दरीकडचं टोक उचला. टोकाखाली पाच सेंटीमीटरची फट दिसली की जमलं. पाणसळ नसेल तर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवूनही अंदाज येतो. चालणाऱ्याला हा कल जाणवत नाही. जाणवला, घोटे वाकडे पडायला लागले, तर जास्त झाला.

दुसरा उतार वाटेच्या लांबीचा. ती चढते किती, हा प्रश्न. इथे आखणी करणाऱ्यांचा ठोकताळा असा, की वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. डोंगर 20 टक्के उताराचा असेल तर वाट 10 टक्क्यांच्या आत. त्याहून तीव्र झाली की पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेनेच खाली धावतं. संपूर्ण वाटेची सरासरीही 10 टक्क्यांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न असतो. म्हणून सरळ वर जाणारी, अंतर वाचवणारी वाट आम्ही टाळतो. ती पावसाळ्यात पन्हळीसारखी वागते.

आणि जवळजवळ सपाट जागीही वाट सोपी नसते. तिथे पाणी जायला बाजूच नसते, चिखल होतो, लोक चिखल टाळून कडेने जातात आणि वाट वाढत जाते. डोंगराच्या कुशीतून जाणारी वाट टिकायला बरी.

मग चर खणायचे का ठिकठिकाणी?

खणतो, पण तो शेवटचा उपाय. चर आणि आडव्या लावलेल्या ओंडक्यांमागे गाळ साचतो, आणि एकदा ते भरले की पाणी त्यांना वळसा घालून पुन्हा वाटेवर येतं. दरवर्षी कुणीतरी जाऊन ते उपसायला हवेत. नवी वाट आखताना तिला मधेमधे थोडं उतरून पुन्हा चढवणं जास्त बरं. त्या सखल जागी पाणी आपोआप बाहेर पडतं आणि ते बुजण्याची भीतीही कमी असते.

जुन्या वाटेवर डबकं दिसलं तर आम्ही दरीकडच्या बाजूला अर्धचंद्रासारखा उथळ भाग कोरतो, वाटेच्या दिशेने साधारण तीन मीटर लांब. मधे तो सगळ्यात खोल असतो आणि दोन्ही टोकांना हळूहळू वाटेत मिसळतो. नीट केला तर वरून चालणाऱ्याला काही केलंय हेही कळत नाही. नवख्यांचा हमखास होणारा घोटाळा म्हणजे तो अरुंद आणि खोल खणणं. मग त्यात लोकांचे पाय मुरगळतात.

एका दिवसात किती वाट होते?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरीच कमी. कठीण, दगडाळ जमिनीत हाताने काम करताना दिवसअखेर माणशी तीन ते पाच मीटर झाली तरी आम्ही खूश असतो. कधी सहा जणांचा अख्खा दिवस चार पायऱ्यांत जातो. मीटर मोजत काम केलं की वाट उथळ कोरली जाते आणि बाहेरची निम्मी रुंदी भरावाच्या सैल मातीवर उभी राहते. तो भराव पुढे खचतोच. शक्यतो वाटेची पूर्ण रुंदी मूळ घट्ट जमिनीत कोरलेली हवी. डोंगराकडची कापलेली भिंतही उभी ठेवायची नाही, तिला मागे तिरकी सोडायची, नाहीतर ती ढासळून वाटेवरच येते.

अंगात किती ताकद लागते? आधी व्यायाम करावा का?

आठ किलोमीटर चालता येत असेल आणि वाकून उठताना त्रास होत नसेल तर पुरे. ताकदीपेक्षा सातत्य उपयोगी पडतं. पहिल्या तासात जोर लावून खणणारे तरुण जेवणानंतर झाडाखाली आडवे झालेले आम्ही कितीतरी वेळा पाहिले आहेत, आणि साठी उलटलेल्या मावशी संध्याकाळपर्यंत त्याच लयीत फावडं ओढताना.

तयारी करायचीच असेल तर दोन आठवडे आधीपासून रोज उन्हात थोडं चाला. गार खोलीत बसणाऱ्या शरीराला उष्णतेत कष्ट करायची सवय लागायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. आदल्या रात्री पुरती झोप घ्या. जागरण करून आलेला माणूस दुपारी स्वतःच्या पायावर कुदळ मारून घेऊ शकतो.

पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर आधी सांगा. फांद्या छाटणं, पाणसळ धरणं, खुंट्या रोवणं, अवजारांची नोंद ठेवणं ही कामं आहेत आणि त्यांना माणसं कमीच पडतात.

कपडे काय घालू?

लांब पँट, लांब बाह्यांचा सैल सुती किंवा लवकर वाळणारा शर्ट, रुंद काठाची टोपी. सगळं असं, की फाटलं तर वाईट वाटणार नाही. अर्ध्या चड्डीत आलात तर परत पाठवणार नाही, पण काटे, दगडाच्या कपच्या आणि किडे यांच्याशी तुमचं तुम्ही बघा.

पायात घोट्यापर्यंत येणारे, जाड तळाचे, बोटं पूर्ण झाकणारे बूट. सँडल आणि चपलांना परवानगी नाही, इथे वाद घालू नका. नवे कोरे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, दुपारपर्यंत टाचेला फोड येतील.

दगड फोडणं, मुळं तोडणं किंवा डोक्याच्या वरचं छाटणं चालू असेल तिथे डोळ्यांना संरक्षक चष्मा लागतो. नेहमीचा नंबरचा चष्मा त्या ऐवजी चालत नाही, त्याच्या बाजू उघड्या असतात. हेल्मेट लागणार असेल तर आधी कळवू. उन्हाचं मलम लावत असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं, घामात ते टिकत नाही.

हातमोजे बागकामाचे चालतील?

पातळ कापडी असतील तर नाही. चामड्याचे किंवा तळव्याला जाड थर असलेले घ्या, आणि मापाचे. ढगळ मोजा दांड्यावर फिरतो आणि त्यातच फोड येतात. एक जोड जास्तीचा ठेवा, कुणीतरी मागतंच.

पाणी किती आणायचं? खायला?

उन्हाच्या दिवसासाठी तीन ते चार लिटर, आणि जागेवर पाणी मिळेल असं गृहीत धरू नका. तहान लागेपर्यंत थांबून गटागटा पिण्यापेक्षा दर 15 ते 20 मिनिटांनी पेलाभर पीत राहा. उलट टोकही वाईट: तासाला दीड लिटरपेक्षा जास्त नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ धोकादायकरीत्या कमी होऊ शकतं. म्हणून घाम खूप येत असेल तर बरोबर खारट काहीतरी खा किंवा क्षार-साखरेचं पाणी घ्या. तयार पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो.

खाणं जड नको. थोडं थोडं, दोन-तीन वेळा. हात धुवायला पाणी कमी असतं हे लक्षात घेऊन काय आणायचं ते ठरवा. आणलेला कचरा परत न्यायचा, फळांच्या सालींसकट. साल कुजते हे खरं, पण ती कुजेपर्यंत प्राण्यांना वाटेवर यायची सवय लागते.

अवजारं मी आणायची का?

आम्ही देतो. स्वतःचं आवडतं अवजार असेल तर आणा, त्यावर नाव किंवा रंगाची खूण करा. संध्याकाळी सगळी फावडी सारखीच दिसतात.

कुठलं कशासाठी, थोडक्यात. टिकाव आणि कुदळ कठीण जमीन फोडायला. फावडं ती माती ओढायला आणि वाटेला कल द्यायला. खरं तर दिवसातलं सगळ्यात नाजूक काम फावड्याच्या कडेनेच होतं. पहार दगड हलवायला, आणि ती सरळ, जड असलेलीच बरी. दंताळं पाचोळा ओढायला, घमेलं वाहतुकीला, धुमस माती ठोकून बसवायला. हातकरवत आणि छाटणीची मोठी कात्री फांद्यांसाठी. कोयता ज्याला सफाईने चालवता येतो त्यानेच घ्यावा. मोटारीची साखळी-करवत प्रशिक्षण घेतलेल्यांशिवाय कुणी आणायची नाही, चालवणं तर दूरच.

काही ठिकाणी तुम्हाला पुलास्की नावाचं अवजार दिसेल: एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला आडवं पातं. अमेरिकेच्या वनखात्यातल्या एड पुलास्की या वनरक्षकाच्या नावाने ते ओळखलं जातं. 1910 च्या प्रचंड वणव्यात त्याने आपल्या तुकडीला एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेलं आणि त्यातल्या बहुतेकांचा जीव वाचवला. मुळात आग विझवणाऱ्यांचं हे अवजार, पण मूळ तोडायचं आणि लगेच माती ओढायची असेल तर वाटेच्या कामात त्याला तोड नाही. दोन धारी असल्यामुळे नवख्याच्या हाती मात्र आम्ही ते पहिल्या दिवशी देत नाही.

हाती घेण्यापूर्वी दांडा हलवून बघा. डुगडुगत असेल तर परत द्या. दांडा पाण्यात भिजवून घट्ट करायची जुनी युक्ती त्या दिवसापुरतीच: लाकूड वाळलं की आकसतं आणि डोकं आधीपेक्षा सैल होतं. नीट पाचर मारणं हाच उपाय. धार बोथट असेल तर तेही सांगा. बोथट पातं घसरतं आणि घसरलेलं पातं पायाकडे येतं. कानस मारायला हातमोजा घालून, धारेपासून बोटं दूर ठेवून.

अवजारं वापरताना काय नियम आहेत?

सुरुवातीला पंधरा मिनिटं हेच सांगितलं जातं आणि उशिरा आलेल्याला ते ऐकल्याशिवाय अवजार मिळत नाही.

चालताना अवजार खांद्यावर टाकायचं नाही. हातात, अंगाच्या बाजूला, तोलाच्या जागी धरून, धार खाली. डोंगरउतारावर नेहमी दरीकडच्या हातात, म्हणजे घसरलात तर ते बाजूला फेकून देता येतं. रांगेत चालताना दोघांत तीन मीटर अंतर. कुदळ-टिकाव चालवतानाही तेवढंच, मागेसुद्धा बघून. कुणाच्या जवळून जायचं असेल तर आधी आवाज द्या, त्याने काम थांबवून तुमच्याकडे बघितलं की मग पुढे व्हा. त्याने नुसतं ‘हो हो’ म्हटलं तर थांबा, तो बहुधा दुसऱ्याच कुणाला म्हणत असतो.

टिकाव डोक्यावर नेऊन घालायची गरज नसते. खांद्याच्या खालपर्यंत उचला, बाकीचं काम त्याच्या वजनाला करू द्या. विश्रांतीला बसताना अवजार वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला, धार जमिनीकडे करून, सगळ्यांना दिसेल असं ठेवा. गवतात पालथं पडलेलं दंताळं विनोदी वाटतं, कपाळावर बसेपर्यंत.

मोठा दगड हलवायचा कसा?

आधी विचारायचं, की तो हलवायलाच हवा का. कधी वाट दोन वीत सरकवणं सोपं पडतं.

हलवायचाच असेल तर सगळ्यात आधी खाली बघा. उतारावर खाली कुणी काम करत असेल, खालून दुसरी वाट जात असेल, तर दगडाला हात लावायचा नाही. खाली माणूस उभा करून रस्ता मोकळा असल्याची खात्री करतो, मगच. दगड सुटलाच तर ‘दगड!’ असं ओरडायचं, मोठ्याने, आणि तो थांबल्याचं दिसेपर्यंत ओरडत राहायचं. संकोचून ‘अहो, जरा सांभाळा’ म्हणेपर्यंत तो खाली पोचलेला असतो.

दगड शक्यतो उचलायचा नाही, ढकलायचा किंवा कोलांट्या देत न्यायचा. पहारीचं टोक दगडाखाली सरकवा, त्याच्या जवळ एक लहान दगड टेकू म्हणून ठेवा आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकावर खाली दाबा. टेकू जितका दगडाजवळ, तितकी ताकद कमी लागते. दगड बोटभर उचलला गेला की दुसऱ्याने फटीत बारके दगड सरकवायचे. बोटांनी नाही, काठीने. मग पुन्हा टेकू, पुन्हा पहार. अशा बोटभर प्रगतीने दोघे जण न पेलणारा दगडही हवा तिथे नेऊन बसवतात. इथे घाई करणारा माणूस नको असतो आणि एका वेळी हुकूम देणाराही एकच हवा. बोटं चिरडायचं मुख्य कारण म्हणजे दोघांनी एकाच वेळी ‘हं, आता’ म्हणणं.

हाताने उचलावंच लागलं तर दगड शरीराजवळ घ्या, गुडघे वाकवा, पाठ सरळ, आणि उचलल्यावर कंबर पिळू नका. पाय फिरवून वळा.

पायरीचा दगड नुसता ठेवायचा नसतो. त्याचा मोठा भाग जमिनीत गेला पाहिजे, आणि वरच्या पायरीचा पुढचा भाग खालच्या पायरीच्या मागच्या भागावर टेकला पाहिजे. उंची 15 ते 20 सेंटीमीटर ठीक. फटींत दगडाच्याच कपच्या ठोकायच्या, कारण नुसती माती पहिल्या पावसात धुऊन जाते. झाली की त्यावर उभं राहून नाचून बघायचं. जरा जरी डुलली तरी काढून पुन्हा. हे सांगितलं की लोकांचे चेहरे पडतात, पण तिसऱ्यांदा बसवलेली पायरी बहुधा टिकतेच.

झाडं तोडावी लागतात का? मला ते पटत नाही.

आम्हालाही. आखणी करताना वाट झाडाला वळसा घालते. छाटणी होते ती वाटेत आलेल्या फांद्यांची: साधारण सव्वा मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच एवढी मोकळीक ठेवतो. ओल्या फांद्या वाकून खाली येतात हे धरून जरा वर छाटतो.

फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. काप त्याच्या लगेच बाहेर घ्यायचा, कड्याला धक्का न लावता. खुंट सोडला तर तो कुजतो, खोडाला चिकटून कापलं तर जखम भरायला जड जाते. फांदी जाड असेल तर तीन काप: खोडापासून थोडं लांब आधी खालून अर्धवट, मग त्याच्याही जरा बाहेर वरून पूर्ण, म्हणजे वजन खाली पडताना साल सोलत नेत नाही. शेवटी उरलेला खुंट कड्याशी. वर रंग वगैरे फासायची गरज नाही.

छाटलेलं वाटेपासून दूर, नजरेआड, बुंध्याचं टोक वाटेच्या उलट दिशेला करून टाकायचं. चरात नाही. हे दरवेळी सांगतो आणि दरवेळी चर भरलेला सापडतो.

पाऊस आला तर?

भुरभुर असेल तर काम चालू. उलट किंचित ओलसर माती कोरायला आणि ठोकायला उत्तम. पूर्ण कोरडी धुमसाखाली नुसती उडते. चिखल होईल इतका पडला तर थांबवतो, कारण ओल्या वाटेवर पन्नास पावलं नाचली तर दुरुस्तीपेक्षा नुकसान जास्त. विजा चमकायला लागल्या तर वाद न घालता खाली उतरायचं, लोखंडी अवजारं तिथेच सोडून. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच परत.

मुलांना आणू? कुत्र्याला?

मुलं पालकांसोबत आली तर त्यांना वेगळं काम देतो: बारके दगड गोळा करणं, पाचोळा ओढणं, फिती धरणं. टिकाव चालू आहे तिथे नाही. कुत्र्याला घरी ठेवा. तो कितीही शहाणा असला तरी हवेत असलेली कुदळ त्याला कळत नाही.

मला मधुमेह आहे, किंवा मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी. येऊ ना?

या, पण गटप्रमुखाला सकाळीच सांगा, आणि औषध कुठल्या खिशात आहे तेही. ज्याला माहीत हवं त्याला माहीत नसेल तर औषध असून नसल्यासारखं. इन्सुलिन उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका, आणि जवळ साखर असू द्या. धनुर्वाताच्या लशीला दहा वर्षं झाली असतील तर डॉक्टरांना विचारून घेऊनच या. मातीत काम करताना खरचटणार हे नक्की.

साप, विंचू, गांधीलमाश्या?

हात जिथे दिसत नाही तिथे घालू नका, एवढ्याने बराच धोका टळतो. दगड उलटताना आपल्या बाजूची कड जमिनीवर टेकलेली ठेवून पलीकडची कड वर करा, म्हणजे उघडणारी फट तुमच्यापासून दूर असते आणि आत कुणी असेल तर त्याला पलीकडे निघून जाता येतं. साप दिसला तर मागे व्हा, इतरांना सांगा, त्याला जाऊ द्या. फोटो, काठी, धाडस, काही नको.

दंश झालाच तर माणसाला शांत बसवा, दंश झालेला अवयव हलू देऊ नका, अंगठ्या-घड्याळ काढा आणि लवकरात लवकर रुग्णालयात न्या. चिरा देणं, तोंडाने चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करायचं नाही.

माश्या उठल्या तर हात न हलवता, तोंड झाकून, सरळ लांब पळा. मधमाशीचा काटा अडकला असेल तर कसा काढायचा याचा विचार करत बसू नका, पटकन काढा. चेहरा सुजणं, श्वास लागणं, चक्कर येणं दिसलं तर ती आणीबाणी.

उन्हाने कुणाला गरगरलं तर?

सावलीत आडवं करा, बूट आणि कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला, शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी. अर्ध्या तासात बरं वाटायला हवं. पण माणूस असंबद्ध बोलत असेल, ओळखत नसेल, बेशुद्ध पडत असेल, तर तो उष्माघात: शरीराचं तापमान 40 अंशांपलीकडे गेलेलं असू शकतं. लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत मिळेल त्या गार पाण्याने सतत थंड करत राहा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. आणि ‘मी ठीक आहे, तुम्ही चालू ठेवा’ असं म्हणणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नका; त्याच्या जोडीदाराला विचारा.

अर्ध्या दिवसाने निघालो तर चालेल?

चालेल. गटप्रमुखाला सांगून निघा. न सांगता गेलात तर संध्याकाळी दहा जण तुम्हाला शोधत फिरतात. हे झालेलं आहे. ज्यांना आम्ही शोधत होतो ते घरी झोपले होते.

आमच्या गटाला स्वतःच एक वाट काढायची आहे. लगेच सुरू करू का?

जमीन कुणाची आहे ते आधी शोधा आणि मालकाची किंवा संबंधित खात्याची लेखी परवानगी घ्या. हेतू चांगला असला तरी परवानगीविना खणलेली वाट बेकायदा ठरू शकते, आणि त्या भागातल्या पुढच्या सगळ्या कामांचा मार्ग बंद होतो. परवानगी मिळाली तरी निदान एक पावसाळा ती जागा चालून बघा. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, घरटी आणि बिळं कुठे आहेत, हे कागदावरच्या नकाशात दिसत नाही. कुदळ सगळ्यात शेवटी.

संध्याकाळी घरी गेल्यावर काही करायचं असतं का?

बूट आणि अवजारं घासून, सुकी माती आणि बिया काढून टाका. एका जागेचं तण आणि झाडांचे रोग दुसऱ्या जागी पोचवायला बूट हे उत्तम वाहन आहे. अंगावर गोचिड तपासा, विशेषतः काख, गुडघ्यामागे, केसांत. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढा, तेल किंवा पेटती काडी लावू नका. दुसऱ्या दिवशी मांड्या आणि तळहात दुखणार, त्याला इलाज नाही.

पुन्हा कधी येऊ?

पुढचं श्रमदान कधी ते कळवूच, पण त्याआधी एकदा पावसात या. पहिला जोरदार पाऊस चालू असताना किंवा थांबल्या थांबल्या, वीज-वारा नाही हे बघून, हातात काठी घेऊन तुम्ही केलेल्या तुकड्यावरून चाला. पाणी कडेने उतरून गेलं असेल तर तिथे फक्त ओल दिसेल. साचलं असेल तिथे डबकं असेल, आणि वाहिलं असेल तिथे बारीक वाळूची रेघ. त्या जागी खुंटी रोवून आम्हाला सांगा, पुढच्या वेळी सुरुवात तिथूनच करू.